अल्पुहारा: स्पेनच्या डोंगरातली मूरकालीन खेडी (अनुभव, माहिती, प्रश्न)

दगडफूल

ग्रानादातला आलांब्रा राजवाडा बघून दुसऱ्या दिवशी सेव्हियाची गाडी धरणाऱ्यांना या धाग्याचा फारसा उपयोग नाही. ग्रानादाहून गाडीने दीडेक तासावर, सिएरा नेवादाच्या दक्षिण उतारावर अल्पुहारा नावाचा डोंगरी पट्टा आहे. त्यातल्या तीन खेड्यांबद्दल लिहितेय. गेल्या ऑक्टोबरात मी, नवरा आणि पुण्याहून आलेले सासू-सासरे तिथे जाऊन राहिलो होतो.

पोकेइरा नदीच्या खोल घळीत, एकाच उतारावर पायऱ्यांसारखी तीन गावं आहेत. खाली पाम्पानेइरा (साधारण १,०५० मीटर), मध्ये बुबियोन (१,३००) आणि वर कापिलेइरा (१,४३०). त्यांच्याही डोक्यावर मुलासेन, ३,४७९ मीटर. आयबेरियन द्वीपकल्पातलं सगळ्यांत उंच शिखर. ग्रानादाचा शेवटचा सुलतान बोआब्दिल, त्याच्या वडिलांच्या नावावरून शिखराला नाव पडलं. त्यांना तिथेच वर कुठेतरी पुरलंय अशी दंतकथा आहे. हवा स्वच्छ असेल तर डोंगराच्या वरच्या अंगाहून समुद्रापलीकडचा आफ्रिकेचा किनारा दिसतो.

इतिहास थोडक्यात. ग्रानादा हे स्पेनमधलं मुरांचं, म्हणजे तिथल्या मुसलमानांचं, शेवटचं राज्य. २ जानेवारी १४९२ला ते ख्रिश्चन राजसत्तेच्या हाती पडलं. बोआब्दिलला याच अल्पुहारात जहागीर मिळाली, लाउहार दे आंदाराक्सला तो राहिला आणि १४९३मध्ये मोरोक्कोत फेसला निघून गेला. रयत मात्र इथेच राहिली. तहात धर्म पाळायची मुभा लिहून दिली होती, ती दहा वर्षंही टिकली नाही. सक्तीची धर्मांतरं झाली, बाटवलेल्यांना मोरिस्को म्हणू लागले. १५६७मध्ये स्पेनचा राजा फेलिपे दुसऱ्याच्या फर्मानाने अरबी भाषा, पोशाख, हमामखाने सगळ्यावरच बंदी आली. १५६८च्या नाताळाच्या आदल्या रात्री अल्पुहारा पेटला. आबेन उमेया नावाच्या तरुण सरदाराला बंडवाल्यांनी राजा केलं आणि वर्षभरात त्याच्याच माणसांनी त्याला मारलं. मग त्याचा चुलतभाऊ आबेन आबू गादीवर आला, १५७१मध्ये त्याचीही तीच गत झाली. तोवर ग्रानादा राज्यातल्या मोरिस्कोंना हजारोंनी कास्तियाकडे (स्पेनच्या मधल्या भागात) हाकललं होतं. रिकाम्या गावांत उत्तरेकडून शेतकरी आणून वसवले. उरल्यासुरल्या मोरिस्कोंना १६०९ ते १६१४मध्ये देशाबाहेरच काढलं.

आता गावं. घरं चौकोनी ठोकळ्यांसारखी, सपाट धाब्याची, चुना दिलेली, एकमेकांना चिकटून उतारावर बसलेली. खालच्या घराचं छप्पर म्हणजे वरच्या घराचं अंगण. गल्लीतून चालताना अचानक डोक्यावर छत येतं, कारण कुणाची तरी खोली रस्त्यावरून पलीकडच्या घरापर्यंत गेलेली असते. याला तिनाओ म्हणतात. खाली चेस्टनटच्या काळपट तुळया, एका कडेला सरपण रचलेलं, दुसरीकडे जिरेनियमच्या कुंड्या. रस्ता सार्वजनिक की आपण कुणाच्या ओसरीत घुसलोय, तेच कळत नाही. सासूबाई पहिल्या दिवशी दर तिनाओखाली थबकून "अगं, जाऊ का पुढे?" विचारायच्या. धुराडी गोल, पांढरी, वर पाटीच्या दगडाची टोपी. आणि सगळीकडे पाण्याचा आवाज. पाम्पानेइरात तर एका गल्लीच्या मधोमध दगडी पन्हळ आहे आणि तिच्यातून पाणी खळाळत जातं.

पाम्पानेइरा, बुबियोनमध्ये हारापा विणणारे हातमाग अजून चालू आहेत. जुन्या कपड्यांच्या पट्ट्या फाडून आडव्या धाग्यात घालून विणलेली सतरंजी. एका दुकानात बाई मागावरच बसल्या होत्या. फणी दोनदा आपटायची, पट्टी सरकवायची, परत दोनदा. पट्टी संपली की पुढची गाठ न मारता नुसती एकावर एक चढवून घ्यायच्या, म्हणजे विणीत गाठीचा टेंगूळ येत नाही. सासूबाईंनी बराच वेळ बघितलं, मग त्या पट्ट्यांत एक जुना टॉवेल ओळखला आणि दोघी हसायला लागल्या. भाषेचं काही अडलं नाही.

तिन्ही गावं जुन्या खेचरवाटेने जोडलेली आहेत. पाम्पानेइराहून कापिलेइरापर्यंत तास-दीड तासाची चढण आहे. गुडघे कुरकुरत असतील तर बसने वर जाऊन चालत खाली या. तळ शक्यतो कापिलेइरात किंवा बुबियोनात टाका. पाम्पानेइरात दुपारी सहलीच्या बसेस येतात आणि चार तास गाव गावाचं राहत नाही.

---

तिसरा_कप

मस्त! फोटो कुठायत?

---

माळवद

दगडफूलताई, ते छप्पर कशाचं आहे? सोलापूरकडचा माणूस आहे, सपाट छप्पर म्हटलं की कान टवकारतात. आमच्या गावच्या वाड्याला अजून माळवद आहे. तुळया, त्यावर किलचणं, त्यावर पाला, चिखल आणि सगळ्यांत वर पांढरी माती. मिरगाच्या आधी दरवर्षी गवत उपटून नवी पांढरी टाकायची, नाहीतर आषाढात घरात टोपली-पातेली मांडून बसायचं.

---

दगडफूल

माळवद, तुम्ही विचारणार हे आयडीवरूनच वाटलं होतं. :)

तिथल्या मातीला लाउना म्हणतात. निळसर करड्या रंगाची, पाटीचा दगड कुजून झालेली, मॅग्नेशियम भरपूर असलेली. चेस्टनटच्या तुळया, त्यावर फळ्या नाहीतर बोरू, त्यावर पाटीच्या दगडाचे चपटे तुकडे आणि वर लाउनाचा जाड थर. कोरडी असताना भुसभुशीत दिसते, पाऊस पडला की फुगून घट्ट बसते आणि पाणी आत जाऊ देत नाही. कडेने पाटीचे दगड बाहेर काढलेले, म्हणजे भिंतीवर ओघळ येत नाहीत. उन्हाळ्यात याच छपरांवर अंजीर, मिरच्या, मका वाळत घालायचे. आम्ही गेलो तेव्हा काही ठिकाणी मिरच्यांच्या माळा दिसल्या.

घरमालकांनी सांगितलं की आता नवीन कामात खाली वॉटरप्रूफ शीट घालतात आणि लाउना वरून दिसायला. म्हणजे तिथेही तेच, दरवर्षी छपरावर चढायला माणूस कुठे आहे?

---

माळवद

म्हणजे पांढरीच की हो! फक्त निळी. साणं असतं का छपराला? उजेडाला आणि धूर जायला?

---

दगडफूल

तसं भोक नाही दिसलं. धुराडं वेगळं आणि खिडक्या बारक्या. बर्फ पडतो ना तिथे.

---

कडूकारले

लेख चांगला आहे, पण दोन ठिकाणी खटकलं.

एक, सपाट मातीचं छप्पर दिसलं की लगेच "मूरकालीन". पाऊस कमी, लाकूड बेताचं आणि चिकणमाती हाताशी असेल तर जगात कुठलाही शेतकरी सपाट छप्परच घालणार. माळवद यांच्या आजोबांना कुठल्या मुराने शिकवलं?

दोन, सगळे मोरिस्को हाकलले आणि उत्तरेकडची माणसं आणून बसवली, हे तुम्हीच लिहिलंय. मग आज तिथे राहणारी माणसं मुरांची वंशज नाहीत. मग या गावांची मूर मुळं म्हणजे नेमकी कुणाची? टुरिस्ट खात्याची?

---

तिसरा_कप

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

गल्लीबोळ

मी ग्रानादातच असते, पोस्टडॉक चालू आहे (विषय वेगळा, इतिहासाशी संबंध नाही). सुट्टीला अल्पुहारात जाणं होतं, म्हणून मध्ये पडते.

कडूकारले, छपराच्या मुद्द्यावर: हवामान हे कारण मान्य, पण पुरेसं नाही. बाकीच्या आंदालुसियात (स्पेनचा हा दक्षिण भाग) बऱ्याच ठिकाणी घरांना उतरती कौलं आहेत. सपाट लाउनाची छपरं, तिनाओ आणि उतारावर एकमेकांच्या अंगावर रचलेली घरं, असं सगळं मिळून मोरोक्कोच्या अ‍ॅटलास डोंगरातल्या बर्बर (उत्तर आफ्रिकेतले मूळ लोक) खेड्यांत दिसतं. आणि या भागात बर्बर वस्ती होती. उत्तरेकडून आलेल्यांनी आपली कौलारू घरं इथे का बांधली नाहीत? कारण आयती घरं मिळाली आणि दुरुस्तीचं सामान अंगणाखालीच होतं. छप्पर गळलं की शेजारच्या खाणीतून लाउना आणायची, मोकळं व्हायचं.

चुन्याबद्दल मात्र तुम्ही हरकत घ्यायला हवी होती, ती घेतली नाहीत. :) "पांढरी मूर गावं" असं पत्रकांत छापतात, पण इतका सरसकट चुना ही बरीच अलीकडची गोष्ट. जुन्या फोटोंत करड्या दगडाची, गिलावा नसलेली घरं भरपूर दिसतात. ती घळीच्या रंगात मिसळून गेलेली असायची. १९८२ला तिन्ही गावांना वारसा म्हणून संरक्षण मिळालं, तेव्हापासून आता काय बदलायचं यावर बंधनं आहेत.

वंशजांचं म्हणाल तर तुमचं बरोबर आहे. १५७०नंतर ग्रानादा राज्यात बाहेरून १२,०००हून जास्त कुटुंबं आणली गेली. गालिसिया, लेओन, कास्तिया, आंदालुसियाचा पश्चिम भाग. त्यांना घर, जमीन, तुतीची झाडं यांचे वाटे करून दिले. त्या वाटपाच्या वह्या आजही दप्तरात आहेत. रक्ताची मुळं शोधायला तिथे जाण्यात अर्थ नाही. बघायचंच असेल तर पाणी बघा.

---

पाटकरी

पाणी म्हटलं म्हणून लॉगिन केलं. पाटबंधारे खात्यात हयात गेली, आता निवृत्त. गल्लीबोळ, जरा नीट सांगा. धरण आहे का वर? की नदीवर बंधारा घालून पाट काढलेत? पाळ्या कोण ठरवतं?

---

गल्लीबोळ

काका, धरणबिरण नाही. धरण म्हणजे डोंगरावरचं बर्फच.

वरच्या अंगाला ओढ्यांवर दगडांचे साधे बांध घालून पाणी वळवतात आणि डोंगराच्या कुशीने, जवळजवळ समपातळीत, मैलोन् मैल पाट नेलेत. त्याला आसेकिया म्हणतात. दोन प्रकार आहेत. एक नेहमीचा, शेताला पाणी देणारा. दुसरा तुम्हाला आवडेल. त्याला कारेओ म्हणतात. वसंतात बर्फ वितळून ओढे फुगतात तेव्हा शेताला एवढं पाणी नको असतं. ते पाणी उंचावरच पाटात घ्यायचं आणि मुद्दाम भेगाळ, पाझरणाऱ्या जमिनीवर सोडून द्यायचं. फुकट घालवल्यासारखं! पण ते डोंगराच्या पोटात मुरतं, हळूहळू खाली सरकतं आणि काही आठवड्यांनी-महिन्यांनी, ऐन कोरड्या उन्हाळ्यात, खालच्या झऱ्यांतून निघतं. जे पाणी नदीने दिवसाभरात समुद्रात नेलं असतं, ते उन्हाळ्यात गावच्या कारंज्याला येतं. बेर्चुलेस गावच्या कारेओचा भूवैज्ञानिकांनी अभ्यासही केलाय.

हे मध्ययुगापासून चालू आहे. सिमेंटचं अस्तर नाही, मातीचेच पाट. गळतात आणि गळणंही कामाचं आहे. पाटाच्या खालच्या बाजूला चेस्टनट, अक्रोडाची हिरवी पट्टी दिसते, ती या गळतीवर जगते. मध्यंतरी काही पाट काँक्रीटचे किंवा पाइपचे केले, तर खालची झाडं वाळायला लागली.

पाळ्या पाणी वापरणाऱ्यांची संस्था ठरवते. हक्क जमिनीबरोबर जातो, तासांच्या हिशेबात.

---

पाटकरी

अहो, हे तर आमच्या खात्याला कळायला किती वर्षं लागली! आम्ही गळती म्हणजे तोटा असं धरून अस्तरीकरणाची अंदाजपत्रकं करत बसलो आणि लाभक्षेत्रातल्या विहिरी आटल्या की शेतकरी आमच्या नावाने शंख करायचे. डोंगरात मुद्दाम मुरवायचं आणि खाली झऱ्याला घ्यायचं, वा.

पण मला शंका आहे. एवढी व्यवस्था, कुठल्या ओढ्याचं पाणी कुठे सोडलं की कुठल्या झऱ्याला फुटतं, ही माहिती डोक्यात असते, कागदावर नसते. माणसं हाकलल्यावर नव्यांना ती सांगितली कुणी? आमच्याकडे एक अनुभवी पाटकरी रिटायर झाला तरी वितरिकेवर वर्षभर बोंब असते.

---

दगडफूल

काका, गावात सांगतात की दर गावात दोन मोरिस्को कुटुंबं मुद्दाम ठेवून घेतली होती, पाणी आणि रेशमाचं काम शिकवायला. आमच्या घरमालकांनीही हेच सांगितलं.

---

कडूकारले

"सांगतात" ला पुरावा काय?

---

गल्लीबोळ

दर गावी दोनच कुटुंबं, असा नेमका आकडा सगळीकडे ऐकू येतो आणि तोच मला संशयास्पद वाटतो. पण मुद्दा पोकळ नाही. जप्त जमिनींची मोजणी झाली तेव्हा हद्दी कुठल्या, कुणाचं शेत कुठलं, कुणाला किती पाणी, हे सांगायला काही जाणत्या मोरिस्कोंना ठेवून घेतलं होतं. त्यांच्या जबान्यांवरून त्या वाटपाच्या वह्या लिहिल्या गेल्या. म्हणजे ज्यांचं घर गेलं त्यांच्याच तोंडून घेतलेली माहिती आहे ती.

आणि सगळं टिकलं असंही नाही. नव्यांची संख्या जुन्यांच्या मानाने खूपच कमी होती, काही गावं ओस पडली ती पडलीच. तुतीवरचं रेशीम हा अल्पुहाराचा मोठा धंदा होता, तो पुढे बुडाला. पाणी टिकलं कारण त्यावाचून पहिल्याच उन्हाळ्यात उपाशी मरायची पाळी होती.

---

पाटकरी

हे पटलं. माहिती आहे तो माणूस तोंडापुरता ठेवून घ्यायचा आणि काम झालं की काढायचा. चारशे वर्षांत फार काही बदललं नाही.

---

कडूकारले

ठीक आहे. पाणी मान्य. छपराबद्दल माझं मत कायम.

---

माळवद

कडूकारले, तुम्ही एकदा पावसाळ्यात माळवदावर चढाच. मत खाली येईल, तुमच्यासकट.

---

दगडफूल

पाटकरीकाका, एक प्रसंग खास तुमच्यासाठी. बुबियोनच्या खाली उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं आहेत, तिथे सकाळी एक आजोबा पाणी धरत होते. पाटाच्या बगलेला बारकं तोंड, त्यात पाटीचा चपटा दगड उभा केलेला आणि फटीत चिंध्या व चिखल कोंबलेला. त्यांनी घड्याळ बघितलं, फावड्यासारख्या कुदळीने चिखल खरवडला, दगड उचलला आणि तोच दगड पाटात आडवा लावला. चिंध्या पायाने दाबल्या. पाणी वळून त्यांच्या बटाट्यात शिरलं. मग ते पाण्याच्या पुढे पुढे चालत एकेक सरी फोडत गेले. सासरे म्हणाले, "दारं धरतोय." ते मूळचे संगमनेरकडचे, लहानपणी रात्री कंदील घेऊन हेच केलेलं. जवळ जाऊन उभे राहिले तर आजोबांनी त्यांना हातानेच "बाजूला हो, चिखल होईल" सांगितलं. सासऱ्यांनी चप्पल काढली आणि दुसऱ्या सरीचं तोंड पायाने मोडून दिलं. आजोबांनी बघितलं, मान हलवली आणि पुढच्या सरीकडे गेले.

---

मोगरी

वाचतेय, फार आवडलं. माझे प्रश्न साधे आहेत. पुढच्या वर्षी आई-बाबांना घेऊन स्पेनला जायचंय. दोघं शाकाहारी, अंडं चालतं. बाबांचे गुडघे बरे आहेत, आईचे नाहीत. या गावांत खायला काय मिळेल? आणि कुठल्या महिन्यात जावं?

---

दगडफूल

मोगरी, खरं सांगू? शाकाहाऱ्यांसाठी सोपं नाही. त्रेवेलेस हे शेजारचंच, १,४०० मीटरच्या वरचं गाव तिथल्या हवेत सुकवलेल्या डुकराच्या मांड्यांसाठी स्पेनभर प्रसिद्ध आहे. त्यामुळे हॉटेलात शिरलं की छताला रांगेने हामोन टांगलेले आणि प्रत्येकाखाली चरबी टिपायला बारकी प्लॅस्टिकची छत्री. सासूबाई छताकडे न बघता जेवायला शिकल्या. इथला मानाचा पदार्थ म्हणजे "प्लातो अल्पुहार्रेन्यो": बटाटे, तळलेलं अंडं आणि बाकी सगळं डुक्कर. ज्या डोंगरात डुक्कर निषिद्ध होतं तिथे आज डुक्करच खाद्यसंस्कृती झालंय. कोण काय खात नाही यावरून पूर्वी माणसाचा धर्म ताडत असत, तेव्हा डुक्कर खाऊन दाखवण्यालाही अर्थ होता.

मिळतं ते असं. "पापास आ लो पोब्रे", म्हणजे ऑलिव्ह तेलात कांदा आणि हिरव्या ढोबळी मिरचीबरोबर मंद शिजवलेले बटाटे. हे रोज खाऊनही कंटाळा आला नाही. बटाट्याचं जाड ऑम्लेट, वांग्याचे तळलेले काप त्यावर उसाची काळपट काकवी (तिला तिथे मधच म्हणतात), बदाम-लसणाचं गार सूप आणि गोडात सोप्लिय्यो, बदाम आणि अंड्याच्या पांढऱ्याचे हलके लाडू म्हणा. ऑक्टोबरात भाजलेले चेस्टनट. आम्ही स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं होतं, एक वेळ खिचडी. तेच करा.

---

गल्लीबोळ

यात भर. "कार्ने (मांस) नको" एवढं सांगून भागत नाही. हामोनचे बारीक तुकडे इथल्या वेटरच्या हिशेबी मांसात धरतच नाहीत, ते चवीला असतात. "सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो" (मांस नको, हामोन नको, मासे नकोत) असं तिन्ही म्हणायचं. ग्रानादा प्रांतात पेयाबरोबर फुकट तापा (खाण्याची छोटी बशी) येतो, तोही बहुतेकदा डुकराचाच. म्हणून मागवतानाच सांगून ठेवा, मग चीज किंवा ऑलिव्ह देतात. रात्रीचं जेवण साडेआठच्या आधी मागू नका. मिळणार नाही आणि तोंडं बघत बसाल.

महिना: मे-जून किंवा सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर. मेमध्ये पाट भरून वाहतात. ऑगस्टमध्ये अख्खा स्पेन सुट्टीवर असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी कापिलेइरात बर्फ आणि जुन्या घरांत चुलीची शेकोटी एवढीच ऊब.

आईंच्या गुडघ्यांसाठी: गावातला प्रत्येक रस्ता चढ नाहीतर उतार, फरशीही दगडी. राहायची जागा ठरवताना गाडी दारापर्यंत जाते का, हे लेखी विचारा. आमच्या एका मैत्रिणीने फोटोवर भुलून घर घेतलं होतं, ते पार्किंगपासून ऐंशी-नव्वद पायऱ्या खाली निघालं. सामान वाहताना तिच्या आईने तिला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाबांना चालायचं असेल तर उन्हाळ्यात कापिलेइराहून राष्ट्रीय उद्यानाची मिनीबस वर आल्तो देल चोरिय्योपर्यंत जाते. जागा आधी राखून ठेवाव्या लागतात.

---

तिसरा_कप

ते पाम्पानेइरातलं लग्न जुळवणारं पाणी खरं का? एका ब्लॉगवर वाचलं. भाच्यासाठी विचारतोय.

---

दगडफूल

चर्चच्या चौकाजवळ कारंजं आहे, त्यावर तशी पाटीच लावलीय. लग्न करायच्या इराद्याने पाणी प्यायलं की जोडीदार मिळतो. भाच्याचा इरादा आहे का ते आधी विचारा.

---

माळवद

अवांतर: भारताचा काही संबंध आहे का या गावांशी? कुठेतरी बौद्ध मठ वाचल्याचं आठवतं.

---

गल्लीबोळ

आहे. पोकेइराच्या घळीच्या पलीकडच्या अंगाला ओ सेल लिंग नावाचं तिबेटी बौद्ध साधना केंद्र आहे, १९८०मध्ये सुरू झालं. १९८२मध्ये दलाई लामा येऊन गेले, नाव त्यांनीच दिलं. पुढे बुबियोनच्या एका स्पॅनिश कुटुंबात १९८५मध्ये जन्मलेल्या मुलाला तिबेटी गुरू लामा येशेंचा पुनर्जन्म मानलं गेलं आणि तो लहानपणी कर्नाटकातल्या सेरा मठात शिकायला गेला. ठरावीक वेळेतच आत जाता येतं, आधी बघून जा. रस्ता कच्चा आहे.

गेल्या शतकात बाहेरचे लोक इथे येऊन राहायचीही परंपरा आहे. जेरल्ड ब्रेनान हा इंग्रज लेखक १९२०च्या सुमाराला येहेन नावाच्या गावात पुस्तकांची खोकी घेऊन राहायला आला, १९२३मध्ये लेखिका व्हर्जिनिया वूल्फ त्याच्याकडे पाहुणी आली होती. आता ओर्हिवाच्या बाजारात गुरुवारी गेलात तर स्पॅनिशपेक्षा इंग्रजी आणि जर्मन जास्त कानावर पडतं. मला हे थोडं खुपतं. पाट साफ करायला माणूस नाही आणि जुन्या घरांच्या किमती मात्र बाहेरच्यांमुळे गावातल्या पोरांच्या हाताबाहेर.

---

पाटकरी

पाट साफ कोण करतं मग?

---

गल्लीबोळ

पूर्वी प्रत्येक हक्कदार घरातून माणूस जायचा. आता घरटी माणूसच नाही, आहेत ते सत्तरीचे. म्हणून ग्रानादा विद्यापीठाच्या पुरातत्त्ववाल्यांनी २०१४पासून गावकरी आणि स्वयंसेवक जमवून बंद पडलेले पाट पुन्हा उघडायला सुरुवात केली. कान्यार गावचा बार्हास नावाचा पाट पहिल्यांदा केला. कित्येक वर्षं बंद होता. मी एकदा गेले होते हौसेने, दुपारपर्यंत हातांना फोड आले. बरोबरचे विद्यार्थी फावडं उचलून फोटो काढत होते आणि एक काका बाजूला बसून नुसतं सांगत होते, इथे खणा, इथे नको, इथे दगड आहे. दर वेळी त्यांचं बरोबर निघालं. पाणी सोडलं तेव्हा ते पाण्याबरोबर चालत गेले, कुठे फुटतंय बघत.

वर्षातून एक-दोनदा अशा मोहिमा असतात, बाहेरच्यांनाही घेतात. काका, तुम्ही या. तुमच्या उपयोगाचं काम आहे आणि राहायची सोय माझ्याकडे.

---

पाटकरी

व्हिसाचं बघतो. थट्टा नाही, खरंच बघतो. मुलगी फ्रँकफर्टला आहे, तिच्याकडे जायचंच होतं.

---

कडूकारले

मूर आणि ख्रिश्चन लढाईची नाटकं करतात म्हणे तिकडे. ते बघायला मिळतं का? त्यात कोण जिंकतं हे विचारत नाही.

---

गल्लीबोळ

वालोर गावात, १५ सप्टेंबरच्या आसपास. आबेन उमेया तिथलाच. गावकरीच दोन्ही बाजूंनी पोशाख करून, घोड्यांवरून, बंदुकांचे बार काढत पद्यात लांबलचक संवाद म्हणतात. सकाळी मूर जिंकतात, दुपारनंतर ख्रिश्चन. मुरांच्या बाजूने उभं राहायला पोरांची रांग लागते, कारण कपडे त्यांचेच भारी. कानात कापूस घालून जा.

---

मोगरी

बसने जमेल का? बाबा गाडी चालवणार नाहीत आणि मी घाटात चालवणार नाही.

---

दगडफूल

जमेल. ग्रानादाच्या मुख्य बसस्थानकावरून लान्हारोन, ओर्हिवामार्गे पाम्पानेइरा, बुबियोन, कापिलेइरा अशी बस जाते. दोन तासांहून थोडं जास्त लागतं. ओर्हिवानंतर वळणंच वळणं, आईंना उजव्या बाजूला बसवू नका, दरी तिकडे आहे. मळमळीची गोळी आधी. दिवसातून मोजक्याच फेऱ्या आणि रविवारी आणखी कमी, त्यामुळे परतीची वेळ उतरतानाच ड्रायव्हरला विचारून घ्या. कापिलेइरात थांबा चढाच्या मुख्य रस्त्यावरच आहे, तिथून घर जवळ असेल असं बघा. रोख पैसे ठेवा, छोट्या दुकानांत लागतात.

फोटो वेगळ्या धाग्यात टाकते, इथे चढत नाहीयेत. तिसरा_कप, कारंज्याचा पण टाकते, भाच्याला दाखवा.